अळी केवढी, सेन्सर केवढा?

भातकुलीला माझा पुतण्या राहतो. लग्नाचे फोटो काढणे हा त्याचा धंदा, जोडीला घरची कपाशी. गेल्या पावसाळ्यात त्याला नवा कॅमेरा घ्यायचा होता. पैसे वडिलांनी कापूस विकून बाजूला ठेवलेले, तेव्हा चुकून चालणार नव्हते. "काकाजी, फुल फ्रेमच घेतो," तो म्हणाला. "मोठ्या सेन्सरवर अळीबी मोठी दिसन ना?"

अळी म्हणजे गुलाबी बोंडअळी. २०१७ साली तिने विदर्भातल्या कपाशीची जी दैना केली ती आमच्या खारपाणपट्ट्यात कोणी विसरलेले नाही. अळी फुलात शिरली की पाकळ्या धाग्याने आतून बांधल्या जातात आणि फूल उमलत नाही. त्यालाच आपण डोमकळी म्हणतो. कोवळ्या वयात ही अळी पांढुरकी असते, गुलाबी रंग मागाहून चढतो. म्हणून नुसत्या रंगावर भरवसा ठेवता येत नाही. आदल्या वर्षी पुतण्याने मोबाईलवर काढलेला फोटो एका जाणकाराला पाठवला. तो इतका धूसर होता की "यावरून काही सांगता येत नाही" असे उत्तर आले, आणि फवारणीचे चार दिवस हातचे गेले. कॅमेऱ्याचा हट्ट तिथून सुरू झाला.

आता त्याच्या प्रश्नाकडे येऊ. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा. क्रॉप सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ चा. खरी मॅक्रो लेन्स वस्तूची प्रतिमा तिच्या मूळ आकाराएवढी पाडते. दहा मिलिमीटरची अळी दोन्ही सेन्सरवर दहा मिलिमीटरचीच उमटणार! सेन्सर मोठा झाला म्हणून अळी मोठी होत नाही; तिच्या भोवतीचे पान तेवढे जास्त दिसते.

हे तोंडी सांगून त्याला पटेना. मग अमरावतीच्या एका मित्राकडून दोन्ही जातीचे कॅमेरे मागून आणले, दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, आणि १०० मिलिमीटरची एकच मॅक्रो लेन्स आलटून पालटून लावली. सकाळी लवकर वावरात गेलो, कारण पुढे वारा सुटतो आणि मग फांदी काही हातात राहत नाही. एक डोमकळी उघडली. घरी येऊन फोटो मोजले. फुल फ्रेमवर अळीच्या लांबीला सुमारे १,६७० पिक्सेल आले, क्रॉपवर सुमारे २,५५०. अर्ध्या मिलिमीटरच्या अंड्याचा हिशेब केला तर ८३ विरुद्ध १२७. पुतण्या गप्प बसून स्क्रीनकडे पाहत होता.

फुल फ्रेमवर अन्याय नको. पंचेचाळीस मेगापिक्सेलचा फुल फ्रेम असेल तर त्याचा मधला भाग कापून क्रॉपच्या जवळ जाता येते, पण त्याची किंमत आपल्या खिशाला विचारून ठरत नाही. फुलपाखरासारखा मोठा विषय असेल, लेन्स आणखी जवळ नेऊन चौकट भरता येत असेल, तर मोठा सेन्सर जास्त प्रकाश गोळा करतो आणि सावल्यांतला खरखरीतपणा कमी होतो. मांडवातल्या मंद उजेडात तर त्याला तोड नाही. अंडी आणि कोवळ्या अळ्या यांच्यासाठी मात्र मी क्रॉपच्याच बाजूचा.

खरी अडचण निराळीच निघाली. इतक्या जवळून एफ ११ ठेवला तरी जेमतेम मिलिमीटरभर भाग स्पष्ट येतो. डोके साधले की शेपूट धूसर. छिद्र आणखी बारीक करावे तर चित्रच मऊ पडते. उजेडासाठी फ्लॅश लावला. नुसता फ्लॅश अळीच्या ओल्या अंगावर पांढरा डाग पाडतो, म्हणून आम्ही दुधाच्या पिशवीचा पांढरा तुकडा त्यापुढे बांधला. (वहिनींनी पिशवी धुऊन दिली, नाहीतर मुंग्या आल्या असत्या.) लेन्स ६० ची घ्यावी की १०० ची, यावरही वाद झाला. साठच्या लेन्सला अळीपासून जेमतेम नऊ सेंटिमीटरवर जावे लागते, शंभरला सुमारे पंधरा. अळी उडून जात नाही, पण आपली सावली तिच्यावर पडते. म्हणून शंभरची ठरली.

शेवटी पुतण्याने वापरलेला क्रॉप कॅमेरा, नवी लेन्स आणि फ्लॅश घेतला. उरलेले पैसे वडिलांना परत दिले. लग्नसराईत फुल फ्रेम तो भाड्याने आणतो. परवा त्याचा फोटो आला. अळीच्या डोक्यामागची काळी पट्टी स्पष्ट दिसत होती, आणि खाली एकच ओळ: "काकाजी, हे आपल्याच वावरातली आहे."