प्रभूचे मेज आणि सहा मंडळ्या

पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये 1890 साली झालेल्या चहापानाची हकिकत महाराष्ट्राला चांगली ठाऊक आहे. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि इतर प्रतिष्ठित मंडळी मिशनऱ्यांकडे गेली, पुढ्यात चहा आला आणि त्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ताचा वाद पुढे बराच काळ धुमसत राहिला. या हकिकतीची दुसरी बाजू मात्र सहसा कोणी पाहत नाही. ज्या अँग्लिकन मिशनच्या आवारात हे चहापान झाले, तिथल्या वेदीपाशी नगरच्या अमेरिकन मिशनचा एखादा ख्रिस्ती माणूस गेला असता, तर नियमाप्रमाणे त्यालाही प्रभुभोजनाची भाकर मिळाली नसती. बिशपच्या हातून त्याचे दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेले नाही, एवढे कारण पुरेसे होते. पंक्तिभेद दोन्हीकडे होता.

हा भेद मराठी माणसाने निर्माण केलेला नव्हता. परदेशी मिशनांनी आपसांत मुलूख वाटून घेतले होते. अहमदनगर आणि सोलापूर भागात अमेरिकन मराठी मिशनचे काँग्रेगेशनल, नाशिकजवळ शरणपूरला इंग्लंडच्या चर्चचे अँग्लिकन, नागपूर आणि जालन्याला स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन, डहाणूच्या बाजूला अमेरिकेतले ब्रदरेन. ख्रिस्ती कुटुंबातले मूल कोणत्या पंथाचे होणार, हे त्याचा जन्म कोणत्या जिल्ह्यात झाला यावर ठरे. इंग्लंडमध्ये किंवा स्कॉटलंडमध्ये कधीकाळी राजा आणि बिशप यांच्यात झालेले तंटे गोदाकाठच्या शेतकऱ्याच्या माथी वारसा म्हणून आले. ज्या माणसांनी बाप्तिस्म्यासाठी घरदार, भाऊबंद, कधीकधी गावची विहीरसुद्धा सोडली, त्यांच्या वाट्याला आणखी एक फाटाफूट यावी, ही फार दुःखाची गोष्ट होती.

ती ठळकपणे बोलून दाखवली पंडिता रमाबाईंनी. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि तिथल्या अँग्लिकन संघाच्या भगिनींशी सिद्धांतांवरून त्यांचे खटके उडू लागले. ख्रिस्ताला मानणाऱ्यांत इतके पंथ का, हा प्रश्न त्यांना छळत राहिला. कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत त्या मावल्या नाहीत. केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले ते दुष्काळात टाकून दिलेल्या बायका-मुलींसाठी. तिथे आधी पोटाला अन्न, हाताला काम आणि डोळ्यांपुढे अक्षर होते. पंथाचा प्रश्न त्यामागून येई.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी वेगळी वाट काढली. 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी नगर भागात अमेरिकन मिशनमध्ये अनेक वर्षे काम केले. त्यांची भजने मराठीत होती, टाळ-मृदंगावर म्हणता येत होती, म्हणून ती मिशनांच्या हद्दी ओलांडून गेली. ‘उपासना संगीत’ हे पुस्तक हाती घेऊन अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन तीच गीते गाऊ लागले. एकीचा ठराव कागदावर येण्याच्या कितीतरी आधी ती गळ्यात आली होती. पण टिळकांना तेवढ्याने समाधान नव्हते. 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्ताचे सगळे शिष्य त्यात भाऊ म्हणून यावेत, अशी त्यांची कल्पना होती. दोन वर्षांतच, 9 मे 1919 रोजी, ते मुंबईत वारले.

त्याच महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत तिकडे तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला बहुतेक भारतीय असलेले काही धर्मसेवक जमले होते. दोर्नाकलचे बिशप वेदनायगम अझरय्या हे त्यांतले प्रमुख. अँग्लिकन चर्चमध्ये बिशप झालेले ते पहिले भारतीय. या मंडळींनी जाहीरनामा काढला. त्याचा आशय असा, की हे भेद आम्ही केलेले नाहीत, ते बाहेरून आमच्यावर लादले गेले आहेत, आणि समोरचे काम एवढे मोठे आहे की विभागलेल्या हातांनी ते होणार नाही. हे काम म्हणजे ख्रिस्ताचा संदेश भारतभर पोचवणे, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. त्यांच्या निवेदनातला क्रम विचार करण्याजोगा आहे. आधी सिद्धांत जुळवू आणि मग एकत्र येऊ, असे ते म्हणाले नाहीत. कामाकडे बोट दाखवून त्यांनी एकीची मागणी केली. दक्षिणेत ती 27 सप्टेंबर 1947 रोजी मद्रासला प्रत्यक्षात आली. अझरय्या 1945 च्या पहिल्याच दिवशी गेले होते.

उत्तरेकडची बोलणी 1929 मध्ये सुरू झाली आणि एक्केचाळीस वर्षे चालली. गाठी दोन होत्या. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्यावा, की समजत्या वयात स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच? ज्यांच्या डोक्यावर बिशपचा हात ठेवला गेला नाही, ते खरे पाळक की नाहीत? दोन्ही प्रश्नांत माणसांची श्रद्धा गुंतलेली होती, त्यामुळे घाई करून चालण्यासारखे नव्हते. अखेर बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती मान्य झाल्या. पाळकांच्या बाबतीत काढलेला तोडगा तर मनाचा मोठेपणा दाखवणारा आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले, तेव्हा वेगवेगळ्या मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी प्रार्थना करून एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले. कोणी कोणाला कमी लेखले नाही. तुझ्यापाशी जे आहे ते मलाही मिळो, असे प्रत्येकाने मागितले. सहा मंडळ्या एक झाल्या. अमेरिकन परंपरेच्या मेथॉडिस्टांनी मात्र ऐन वेळी माघार घेतली, आणि ते आजही वेगळे आहेत.

एक झालेल्या घरातही सगळे सुरळीत चालले नाही. गुजरातमधल्या ब्रदरेन मंडळीच्या मालमत्तेचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. विलीनीकरणाच्या नुसत्या ठरावाने मालमत्ता नव्या चर्चकडे जात नाही, त्यासाठी कायद्याने सांगितलेली प्रक्रिया पूर्ण करावी लागते, असा निकाल 2013 मध्ये लागला. कायद्याच्या दृष्टीने तो समजण्यासारखा आहे. परंतु मंडळीची शक्ती जमिनीच्या सातबाऱ्यात आणि ट्रस्टच्या खटल्यांत खर्च होऊ लागली, की ज्या कामासाठी एकत्र यायचे ते बाजूला पडते. असेच एक काम मिरजेचे. डॉ. वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी 1894 मध्ये तिथे इस्पितळ उभारले. दारात आलेल्या रुग्णाला तिथे जात विचारली जात नव्हती आणि पंथही नाही. मंडळीच्या बैठकीत अशा कामांना किती वेळ मिळतो, हे प्रत्येक पास्टरेट कमिटीने तपासून पाहायला हवे.

पुण्यात शिवाजीनगरला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम आहे. जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनी 1920 च्या दशकात तो सुरू केला. मधल्या काळात मंदावलेले तिथले जीवन 1970 च्या दशकाच्या आरंभी नव्याने सुरू झाले ते दोन संघांच्या भगिनींमुळे. एक संघ अँग्लिकन, वाँटेजचा. दुसरा कॅथलिक, सेक्रेड हार्टचा. आद्य शंकराचार्यांच्या वेदान्ताचा सखोल अभ्यास केलेल्या सारा ग्रँट त्यांतल्याच. कॅथलिक आणि अँग्लिकन यांना एकमेकांच्या वेदीवर प्रभुभोजन घेण्याची सरसकट मोकळीक आजही नाही, तेव्हाही नव्हती. त्या परवानगीची वाट न पाहता या भगिनी एका आवारात राहिल्या, रोजची प्रार्थना त्यांनी एकत्र केली आणि दारी येणाऱ्या कोणत्याही धर्माच्या माणसाला प्रार्थनेत जागा दिली.