पुरवठादार कसा पारखावा?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाच्या या समारंभात व्यापाराविषयी दोन शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. वसईपासून विरारपर्यंत आज घरोघरी एक नवा उद्योग दिसू लागला आहे. कोणी कन्या कापडी पिशव्या विकते, कोणी सूनबाई मसाले व सुकेळी पाठविते, कोणी तरुण घरगुती वापराच्या वस्तू ऑनलाइन पेठेत मांडतो. दुकान नाही, पागडी नाही. एक खोली, एक मोबाइल आणि घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन साठविलेली पुंजी, एवढ्यावर हा व्यवसाय उभा राहतो. ग्राहक कसा मिळेल याची चिंता सारेच वाहतात. माल कोणाकडून घ्यावा याचा विचार मात्र घाईने उरकला जातो. पुंजीला गळती लागते ती याच ठिकाणी.

प्रथम पुरवठादार शोधावा कोठे? इंटरनेटवरील व्यापारी सूचींत हजारो नावे सापडतात. परंतु अशा सूचीत पुष्कळदा वर्गणी भरणाराचे नाव वर झळकते. ते गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र नव्हे. उलट आपल्या दाराशी वालीव, सातिवली, गोखिवरे, नवघर येथील औद्योगिक वसाहती आहेत. प्लॅस्टिक, पॅकिंग, यंत्रांचे सुटे भाग असे नाना परींचे काम तेथील गाळ्यांतून चालते. तेथे पायी हिंडावे. टेंपोवाल्यास विचारावे, पुठ्ठ्याची खोकी विकणाऱ्यास विचारावे. कोणाचा माल नित्य बाहेर पडतो हे त्यांना ठाऊक असते. जिल्हा उद्योग केंद्र आणि महिलांचे बचत गट यांच्याकडेही चौकशी करावी.

जवळच्या मालाचा भाव कधी कधी चढा असतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु हिशेब पुरता मांडावा. समजा, दूरचा व्यापारी ९० रुपयांस एक पिशवी देतो, पण ५०० नग एकदम घ्या म्हणतो. जवळचा कारागीर १०५ रुपये घेतो, पण ५० नगही देतो. पहिल्या महिन्यात ६० पिशव्या खपल्या, तर जवळच्याकडे आपण ९०० रुपये अधिक मोजले. दूरच्याकडे मात्र ४४० पिशव्या, म्हणजे ३९,६०० रुपये, फळीवर निजून राहिले. लहान व्यवसायास नफ्याच्या आधी हाताशी पैसा खेळता राहणे अगत्याचे असते.

आता पारख. शितावरून भाताची परीक्षा करावी हे खरे. पण ते शीत पुरवठादाराने वाढलेले नसावे, आपण भांड्यातून उचललेले असावे. त्याने निवडून दिलेल्या नमुन्यावर विसंबू नये. प्रथम थोडा माल पूर्ण दामाने घ्यावा, त्यातील नग धुऊन, ताणून, तोलून पाहावे, आणि दुसरी खेप पहिलीसारखीच येते की नाही हे ताडावे. सदोष नग बदलून देण्याची अट आधीच लेखी करून घ्यावी. ग्राहकाने परत केलेल्या पार्सलाच्या वाहतुकीचा भुर्दंड पुष्कळदा विक्रेत्याच्याच माथी बसतो.

मालाप्रमाणे कागदही पाहावेत. जीएसटी क्रमांक १५ अंकाक्षरांचा असतो; महाराष्ट्रातील नोंदणीचा आरंभ २७ या अंकांनी होतो. सरकारी संकेतस्थळावर तो क्रमांक घालताच धंद्याचे नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे, हे कोणासही विनामूल्य कळते. जे स्वतः नोंदणीकृत आहेत त्यांनी अधिक सावध असावे. १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराने आपले बिल विवरणपत्रात दाखविल्यावाचून आपणांस भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. खाद्यपदार्थ असेल तर वेष्टनावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक पाहावा. मुलांची खेळणी असतील तर आय.एस.आय. चिन्ह पाहावे, ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे आहे.

मालाचा हंगामही ओळखावा. आपल्याकडील सुकेळी राजेळी केळ्यांची असतात व परंपरेने उन्हात वाळविली जातात. ज्यास ती वर्षभर विकावयाची आहेत, त्याने पावसापूर्वीच साठ्याची बोली करून ठेवावी. तसेच एकाच पुरवठादारावर सर्वस्वी भार टाकू नये. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले आणि वसई-विरारची रेल्वे खोळंबली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. असे दिवस पुन्हा येतील. म्हणून दुसरा पुरवठादार अन्य गावचा, भिवंडीचा किंवा बोईसरचा, ओळखीत असू द्यावा.

आता एक नाजूक गोष्ट. ज्ञातीच्या व्यासपीठावरून ती बोलणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. "माल आपल्याच माणसाकडून घ्या," असा उपदेश अशा मेळाव्यांतून नेहमी होतो. त्यामागील आपुलकी आम्हांस मान्य आहे. परंतु तो उपदेश अर्धाच आहे. आप्ताकडून माल घेताना आपण नमुना तपासण्यास संकोचतो, बिल मागण्यास लाजतो, आणि माल वाईट निघाला तर मूग गिळून गप्प बसतो. उलट आप्ताचे पैसे देताना, "घरचाच आहे, थांबेल," असे म्हणून त्यास महिनेन् महिने तिष्ठत ठेवतो. यात खरेदी करणारा बुडतो, विकणारा बुडतो, आणि अखेर नातेही बुडते. ज्ञातीची ओळख दार उघडण्यापुरती असावी; दाराच्या आत गेल्यावर मापदंड सर्वांना एकच असावा. दुसऱ्या ज्ञातीचा वा धर्माचा कारागीर चोख माल देत असेल, तर तोच आपला खरा सोबती होय.

पैसे वेळेवर देणे ही केवळ भलेपणाची बाब नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगविषयक कायद्याने नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करारानुसार, पण फार तर ४५ दिवसांत, चुकते करणे खरेदीदारावर बंधनकारक आहे; लेखी करार नसेल तर ही मुदत १५ दिवसांची आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देणे लागते. जो वेळेवर पैसे देतो, त्याचा माल सणासुदीच्या गर्दीत पुरवठादार आधी काढून देतो, हा व्यवहारातला लाभ निराळाच.

असो. आमच्या तरुण मित्रांस आमची एवढीच विनंती आहे : पुरवठादार जवळचा शोधा, परक्यासारखा पारखा आणि आप्तासारखा सांभाळा. तुमच्या उद्योगास यश लाभो, अशी शुभकामना व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.