कंबर कसणे आणि पट्टा आवळणे

श्रोतेहो, आज इंग्रजी वाक्प्रचारांविषयी थोडं बोलायचं आहे, आणि तेही कपड्यालत्त्यांशी जोडलेल्या वाक्प्रचारांविषयी. तुम्ही म्हणाल, धानाची रोवणी सोडून हा कोट-टोपीचा पसारा कशाला? पण आपल्या घरचं पोर शाळेत जातं. आपल्या राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात. परीक्षेत वाक्प्रचारांचे अर्थ विचारतात आणि तिथं हमखास गुण जातात. माझ्या हातून एका मुलीचे असेच गेले होते. ती हकिकत आधी सांगतो.

दहावीच्या वर्गात मी फळ्यावर लिहून दिलं होतं: 'टायटन युवर बेल्ट' म्हणजे कंबर कसणे. बेल्ट कमरेला असतो, टायटन म्हणजे आवळणे. हिशेब सरळ होता. पुढं चाचणीत वाक्य आलं, की महागाई वाढली आणि त्या कुटुंबाला बेल्ट आवळावा लागला. एका मुलीनं अर्थ लिहिला, 'पोटाला चिमटा घ्यावा लागला.' मी लाल रेघ ओढली. ती वही घेऊन टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, "पण गुरुजी, महागाई झाली तर कंबर कसून का करतील जी? खायचंच कमी करतील ना!"

मी तिला जागेवर बसवलं. घरी येऊन शब्दकोश उघडला, तर पोरीचंच खरं.

मुळात गोष्ट साधी आहे. खाणं कमी झालं की पोट खपाटीला जातं, पट्टा सैल होतो आणि पुढच्या भोकात अडकवावा लागतो. म्हणून इंग्रजाचा पट्टा आवळणं म्हणजे काटकसर, अर्धपोटी राहणं. आपण कंबर कसतो ती कामाला भिडण्यासाठी. धोतराचा कासोटा घट्ट मारायचा, शेला कमरेला गुंडाळायचा आणि बांधावर उतरायचं. बायामाणसं पदर खोचतात, त्यातला भावही तोच. याला जुळणारा वाक्प्रचार इंग्रजीत आहे, तो 'गर्ड अप युवर लॉइन्स'. तो बायबलातून आला. त्या मुलुखात पायघोळ अंगरखे घालीत. कामाला किंवा वाटेला लागायचं तर ते वर ओढून कमरेला खोचावे लागत. आपल्यासारखंच झालं की नाही? रोजच्या बोलण्यात मात्र 'रोल अप युवर स्लीव्ह्ज' जास्त चालतं, म्हणजे बाह्या सरसावणे.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, शब्दाला शब्द जोडण्याआधी तो कपडा कोण, कशासाठी घालतो ते विचारा. टोपीचंच पाहा. 'इफ द कॅप फिट्स, वेअर इट' म्हणजे बोललेलं ज्याला लागू पडत असेल त्यानं ते आपल्याला म्हटलं आहे असं समजावं. आपल्याकडे मात्र कुणी टोपी घातली की गेलेच पैसे! 'टर्नकोट' म्हणजे कोट उलटा करणारा, पक्ष बदलणारा. इथं मात्र आपला टोपी फिरवणारा बरोबर शेजारी उभा राहतो. 'कट युवर कोट अकॉर्डिंग टु युवर क्लॉथ' म्हणजे कापड असेल तेवढाच कोट बेतावा. आपण अंथरूण पाहून पाय पसरतो. थंड देशाला कोट सुचला, आपल्याला अंथरूण, अर्थ एकच.

काही वाक्प्रचार तर थेट मागावरून आले आहेत, आणि ते समजायला आपल्या भागातल्या मुलांना अडचण पडू नये. आरमोरीकडे कोसा होतो. सावलीच्या खादीचंही नाव होतं. १९३६ साली गांधी सेवा संघाचं अधिवेशन सावलीला भरलं, तेव्हा गांधीजी स्वतः आले होते. इंग्लंडात लोकरी कापड विणून झालं की धूत आणि आटू नये म्हणून लाकडी चौकटीवर आकड्यांना ताणून वाळवीत. त्या आकड्यांना 'टेंटरहुक्स' म्हणत. त्यावरून 'ऑन टेंटरहुक्स' म्हणजे जीव टांगणीला लागणे. बोर्डाच्या निकालाच्या दिवशी घरोघर जे होतं ते! दुसरा, 'डाइड इन द वूल'. कापड विणल्यावर वरून रंगवलेलं नव्हे, लोकर असतानाच रंगवलेलं. तो रंग आतपर्यंत मुरतो. ऐनाच्या झाडावरच्या कोशाचा भुरा रंग तर मुळातला, तो कुणी चढवत नाही. मुलांच्या हातात एक कोसा द्या आणि सांगा, माणूस असा असला म्हणजे आपण त्याला हाडाचा म्हणतो, हाडाचा कार्यकर्ता.

पदराला मात्र इंग्रजीत जोड सापडत नाही. 'टाइड टु हिज मदर्स एप्रन स्ट्रिंग्ज' म्हणजे मोठा होऊनही आईच्या मुठीत राहिलेला; त्यात थट्टा आहे. आईच्या पदराखाली राहण्यात आपल्याला माया दिसते. पदरमोड, पदरात घेणे, पदरी पडणे यांना तिकडच्या भाषेत प्रत्येक वेळी वेगळी वाट काढावी लागते. मला विचाराल तर त्यात आपलं काही अडलेलं नाही.

एक अडचण राहते. भामरागड, एटापल्लीकडच्या शाळांत पुष्कळ मुलं घरी माडिया किंवा गोंडी बोलतात. 'कंबर कसणे' हेच त्यांना शिकावं लागतं, मग बेल्टची पाळी. तिथल्या गुरुजींनी आधी विचारावं, कामाला जोर लावताना तुमच्या घरी काय म्हणता? मुलं सांगतील ते फळ्याच्या एका अंगाला लिहावं, मग मराठी, मग इंग्रजी. वेळ लागतो, पण मूल गप्प बसत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात माझी चूक सांगितली आणि त्या मुलीचे गुण दिले. पण त्याआधी पाच-सहा वर्षं मी मुलांना तेच चुकीचं शिकवलं होतं. त्यातली काही आज स्वतः शिक्षक आहेत. त्यांच्यापैकी कुणी आत्ता ऐकत असेल, तर उद्या वर्गात गेल्यावर फळ्यावरचं माझं ते वाक्य पुसून टाकावं.