कातडीचे कुंपण सांभाळा
(निगडी येथील कामगार कुटुंबांपुढे केलेले भाषण)



आपल्या शेजारी पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना उभा राहिला आणि पेनिसिलिन देशात तयार होऊ लागले. पेनिसिलिनचा शोध 1928 मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी लावला. त्याच फ्लेमिंग यांनी 1922 मध्ये आणखी एक जंतुनाशक पदार्थ जगापुढे मांडला होता. त्याचे नाव लायसोझाइम. तो आपल्या अश्रूंत, लाळेत आणि शेंबडात असतो आणि अनेक जंतूंची बाहेरची भिंतच फोडतो. म्हणजे औषधाच्या दुकानात जाण्याआधीच अल्लाहने दिलेले संरक्षण आपल्या अंगावर आहे.

नाकातले केस आणि चिकट द्रव धूळ अडवतात. श्वासनळीतले बारीक केस ती वर ढकलतात. विडी-सिगारेटचा धूर त्याच केसांना निकामी करतो. अन्नातून गेलेले बरेच जंतू जठरातल्या आम्लात मरतात. पण सर्वांत मोठे कुंपण म्हणजे कातडी.

कातडीचा वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. भिंतीत विटा रचाव्यात तशा त्या पेशी रचलेल्या असतात आणि मधला चुना म्हणजे अंगातली चरबी. कातडी किंचित आम्लधर्मी असते, म्हणून अनेक रोगजंतूंना तिथे वाढता येत नाही. शिवाय तिच्यावर राहणारे निरुपद्रवी जंतू बाहेरच्यांना जागा देत नाहीत.

आता आपल्या हातांकडे पाहा. भोसरीपासून चाकणपर्यंत मशीनवर काम करणाऱ्यांचे हात दिवसभर कूलंट आणि कटिंग ऑइलमध्ये भिजतात. सुटी झाली की ग्रीस काढायला कोणी थिनर घेतो, कोणी रॉकेल. ग्रीस निघते, पण विटांमधला चुनाही निघतो. कातडी कोरडी पडते, खाज सुटते, भेगा पडतात. त्यात लोखंडाची बारीक बर घुसली की जंतूंना दार उघडे. सिमेंटमध्ये हात घालणाऱ्या बांधकाम मजुरांचे आणि दिवसभर धुणीभांडी करणाऱ्या आपल्या बहिणींचेही हेच होते.

म्हणून थिनरने हात धुणे आजपासून बंद करा. साबण वापरा, हात नीट पुसा, रात्री खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा. फिरत्या मशीनवर हातमोजे अडकून बोट जाण्याचा धोका असतो. तिथे सुपरवायझरला विचारल्याशिवाय ते घालू नका. जखम झाली तर आधी स्वच्छ पाण्याने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. वुजूनंतर पायांच्या बोटांमधली जागा कोरडी करा, नाहीतर चिखल्या होतात. मधुमेह असलेल्यांनी तर रोज तळवे तपासावेत, कारण त्यांना जखम कळतही नाही.

आणखी एक गोष्ट. कामगारांना हात धुण्याची पुरेशी सोय देणे ही जबाबदारी 1948 च्या कारखाने कायद्याने, कलम 42 मध्ये, कारखान्यावर टाकली. साबण मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे. कंत्राटी कामगार एकट्याने बोलायला घाबरतो, हे मला माहीत आहे. म्हणून चारजण मिळून मागा. हातावर पोट असणाऱ्याची पहिली दौलत हातच असतात.