कसरती विमानाचें एंजिन

राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेंत मुलांना छोटीं विमानें बांधावयास शिकवितात. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडील एखाद्या मुलानें तो नाद घरीं आणला, म्हणजे वडील मंडळींपुढें प्रश्न पडतो : एंजिन कोणतें घ्यावें?

हें विमान दोन बारीक पोलादी तारांनीं हातीं धरलेलें असतें आणि धरणाराभोंवतीं वर्तुळांत फिरत कोलांट्या घेतें. मुलगा म्हणेल, 'सर्वांत वेगवान एंजिन आणा.' परंतु कसरतीला वेगापेक्षां संयम हवा. नाक वर होतांच एंजिनानें जोर धरावा, खालीं येतांना आपण होऊन तो आवरावा. अनावर एंजिन उतरत्या विमानाचा वेग वाढवून त्यास जमिनीवर आपटतें. दुबळें असलें तर माथ्यावर तारा सैल पडतात, ताबा सुटतो आणि महिन्याभराचे श्रम क्षणांत मातीस मिळतात.

अमेरिकेंतील जॉर्ज ऑल्ड्रिच यांचें 'नोबलर' विमान १९५० नंतरच्या दशकांत गाजलें. त्याचे पंख सुमारें १२७ सेंटिमीटर. त्यास फॉक्स कंपनीचें सुमारें ५.७ घन सेंटिमीटरचें साधें एंजिन पुरत असे.

आमच्याकडे उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो. हवा विरळ झाल्यानें शक्ति घटते, एंजिन तापतें. अशा जुन्या धाटणीच्या एंजिनाला मिथेनॉलच्या इंधनांत सुमारें चौथा हिस्सा एरंडेल लागतें. तेथें काटकसर करूं नये.

सारांश, आधीं विमानाचा आराखडा व वजन ठरवा, मग एंजिन निवडा. घोडा पाहून खोगीर घेतात. खोगीर पाहून घोडा नव्हे.