वर येणारा किनारा

श्रोतेहो, आपल्या सह्याद्रीत झाडी कोठे दिसते? घळीत, उतारावर, जेथे माती टिकते तेथे. माथा बहुधा उघडा कातळ. स्वीडन देशाच्या पूर्व किनाऱ्यावर, बॉथनियाच्या आखाताला लागून, स्कूले नावाचा डोंगर आहे. त्याचे सगळेच उफराटे. माथ्यावर टोपी घातल्यासारखी झाडी आणि टोपीखाली धुऊन काढल्यासारखा खडक. तो खरोखरच धुतलेला आहे, समुद्राने.

मी काही तेथे गेलेलो नाही. पुस्तके, नकाशे आणि छायाचित्रे यांच्या आधारे सांगतो आहे. त्या झाडीची खालची कड समुद्रसपाटीपासून २८६ मीटर उंच आहे. म्हणजे एकावर एक जवळजवळ चार कुतुबमिनार. सुमारे साडेदहा हजार वर्षांपूर्वी समुद्र तेथवर होता. डोंगराचा नऊ-दहा मीटरांचा शेंडा तेवढा बेटासारखा पाण्याबाहेर होता. खालची माती लाटांनी नेली, शेंड्यावरची वाचली, आणि तीवर रान माजले.

तुम्ही म्हणाल, म्हणजे पाणी ओसरले. तसे नव्हे, जमीन वर आली.

हिमयुगात या प्रदेशावर सुमारे तीन किलोमीटर जाडीचा बर्फ साचला होता. कळसूबाईच्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट! एवढ्या भाराने जमीन दबली. गुरुजनांनी वर्गात गादीचे उदाहरण द्यावे. कापसाच्या गादीवर जाते ठेवले की खळगा पडतो. जाते उचलले तरी गादी लगेच पूर्ववत होत नाही, हळूहळू फुगते. जमिनीखाली फार खोलवर तापलेला खडक आहे. तो घट्ट असूनही अतिशय संथपणे, गुळाच्या दाट पाकासारखा सरकतो. बर्फाच्या भाराने तो बाजूला सरला होता, भार गेल्यावर परत येऊ लागला, आणि अजून येतोच आहे. या किनाऱ्यावर जमीन वर्षाला सुमारे आठ मिलिमीटर वर येते.

हे लोकांच्या ध्यानात कसे आले, ती हकिगत मला फार आवडते. सील हा समुद्रातला प्राणी विश्रांतीसाठी पाण्याच्या जेमतेम वर असलेल्या खडकावर चढून बसतो. शिकाऱ्यांना असे खडक मोलाचे. त्यांची खरेदी-विक्री होई, कागदोपत्री नोंदी होत. पुढे असे दिसले की, वाडवडिलांनी ज्या खडकांवर सील मारले ते आता इतके उंच झाले आहेत की सील त्यांवर चढूच शकत नाही. अँडर्स सेल्सियस, ज्याचे नाव आपण तापमान सांगताना घेतो तोच, याच्या मागे लागला. १७३१ साली त्याने येव्ले गावाजवळच्या (आपल्या येवल्याशी याचा संबंध नाही!) एका बेटावर खडकात पाण्याच्या पातळीची रेघ कोरून ठेवली. पाणी कमी होत आहे, असे त्याचे मत. धर्मपंडितांना ते रुचले नाही. बिशप ब्रोवाल्लियुस यांनी १७५५ साली त्याविरुद्ध ग्रंथ लिहिला. सेल्सियस १७४४ सालीच वारला होता. बर्फाच्या भाराची कल्पना स्कॉटलंडच्या जेमिसनने १८६५ साली मांडली. सेल्सियसने सांगितलेले कारण चुकले, पण त्याची रेघ खरी ठरली. आज ती पाण्याच्या जवळजवळ दोन मीटर वर आहे.

आता माणसांचे काय झाले? लुलेओ हे शहर १६२१ साली वसले. अठ्ठावीसच वर्षांत, १६४९ साली, ते समुद्राकडे हलवावे लागले, कारण बंदर उथळ झाले. आपल्या कोकणातही खाड्या भरून जुनी बंदरे निकामी झाली; पण आपल्याकडे वरून गाळ आला, तेथे तळच वर आला.

समोरच्या फिनलंडचा क्वार्केन नावाचा किनारा सपाट आहे. तेथे जमीन बोटभर उचलली तरी पाणी पुष्कळ मागे हटते. दरवर्षी सुमारे एक चौरस किलोमीटर, म्हणजे अडीचशे एकरांच्या आसपास, नवी जमीन निघते. ऐकणाऱ्या शेतकरी बंधूंच्या मनात प्रश्न आलाच असेल: ती कोणाची? ज्याचे घर काठावर, त्याची नव्हे! तेथील रीतीप्रमाणे ते पाणी ज्या गावकऱ्यांच्या सामाईक मालकीचे, त्यांचीच वर आलेली जमीन. काठावरच्या माणसाला आपले अंगण पुन्हा समुद्राला भिडवायचे तर मधली पट्टी विकत घ्यावी लागते. आपल्याकडे असे असते, तर तलाठ्याची काय त्रेधा उडाली असती!

हा 'उंच किनारा' २००० साली जागतिक वारशाच्या यादीत गेला, २००६ साली क्वार्केनही त्यास जोडले गेले. हल्ली जग तापल्याने समुद्र चढतो आहे, त्यामुळे जमिनीच्या चढण्यातला काही भाग तो खाऊन टाकतो. तरी अजून जमीनच पुढे आहे. असेच चालले, तर दोन-अडीच हजार वर्षांनी स्वीडन आणि फिनलंड येथे जमिनीने जोडले जातील, आणि वरच्या आखाताचे तळे होईल.

तोवर कोळ्यांचे काम चालूच आहे. मचवे जाण्यापुरती वाट दर काही वर्षांनी उपसावी लागते. आजोबांनी पाण्याच्या कडेला बांधलेले होडीचे खोपट नातवाच्या वेळी गवतात उभे असते, आणि नातू आपले खोपट खाली, नव्या काठावर बांधतो.