परसातली लिंबोणी आणि डाळिंब

परसात कागदी लिंबाची एखादी लिंबोणी आणि तिच्या शेजारी डाळिंबाचे एखादे झुडूप असले, म्हणजे त्या घरच्या यजमानास आपण बागायतदार झाल्याचा भास होऊ लागतो. आणि पावसाळ्यात त्याच लिंबोणीची कोवळी पालवी कुरतडलेली दिसली, म्हणजे हाच गृहस्थ अपराधी कोण याची चौकशी न करता, औषधाची बाटली उघडून साऱ्या झाडास सरसकट शिक्षा फर्मावतो. हे मी स्वतः केलेले असल्यामुळे थोडे अधिकाराने बोलतो आहे.

किडीकडे वळण्यापूर्वी पाण्याविषयी एक गोष्ट. न्हाणीचे सांडपाणी परसात सोडण्याचा आपल्याकडे रिवाज आहे, आणि केळीला व अळवाला ते मानवतेही. परंतु तेच पाणी लिंबोणीच्या बुंध्याशी अष्टौप्रहर मुरत राहिले, तर साल तडकून तीतून डिंक पाझरू लागतो, आणि ‘डिंक्या’ नावाचा हा रोग सावकाश झाड घेऊन जातो. म्हणून बुंध्याभोवती मातीची भर देऊन पाण्याचे आळे तिच्या बाहेर करावे, म्हणजे मुळे भिजतात आणि खोड कोरडे राहते.

आता पालवी खाणारा अपराधी. सकाळी चहापूर्वी झाडाशी जाऊन पाहावे, तर कोवळ्या पानावर पक्ष्याने शिटावे तसा काळा-पांढरा ठिपका आढळतो. तो ठिपका नसून अळी असते, आणि पुढे मोठी झाली की पानासारखाच हिरवा पोशाख चढवते. काडीने डिवचले तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दुभंगलेली शिंगे बाहेर काढून ती उग्र दर्प सोडते. हिचे आईबाप म्हणजे ज्यांच्यामागे आपली मुले धावतात, तीच काळी-पिवळी फुलपाखरे. कढीपत्त्यावरही हीच अळी येते. दोन झाडांच्या बागेत हिचा बंदोबस्त करण्यास दोन बोटे आणि साबणाच्या पाण्याचे डबडे पुरते.

नागअळीची गोष्ट मात्र वेगळी. ती पानाच्या आतच राहून रुपेरी, नागमोडी वाटा कोरते, आणि त्या जखमांतून ‘खैऱ्या’ रोगाचा शिरकाव होऊन पानांवर, फळांवर खरखरीत तपकिरी खवले उठतात. असे शेंडे छाटून जाळावे आणि झाडावर बोर्डो मिश्रण फवारावे. दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळे भिजवून, दोन्ही मिळून एक लिटर होईल अशा बेताने, प्लॅस्टिकच्या बादलीत एकत्र करावे. त्यात घासलेला लोखंडी खिळा बुडवल्यावर त्यावर तांबूस पुट चढले, तर चुना आणखी हवा असे समजावे. फ्रान्समध्ये बोर्डो शहराजवळचे शेतकरी वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळे पाणी शिंपडीत. त्याच वेली रोगातून बचावल्याचे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने हेरले, आणि 1885 साली हा उपाय प्रसिद्ध केला. चोरांच्या भीतीने वनस्पतिशास्त्रावर एवढे उपकार अन्यत्र केल्याचे मला तरी ठाऊक नाही.

माझी फजिती झाली ती डाळिंबावर. शेंड्यांना मावा लागला होता, मुंग्यांची ये-जा होती, आणि त्यांच्यात सुसरीच्या पिलासारखे, काळ्या अंगावर नारिंगी ठिपके असलेले काही किडे फिरत होते. हेच मुख्य आरोपी, असे ठरवून मी त्यांना वेचून वेचून चिरडले. आठवड्याच्या आत मावा दुप्पट झाला आणि पाने चिकट होऊन त्यांवर काजळी धरली. मागाहून कळले, की ती ढालकिड्यांची पिले होती आणि माव्यावरच गुजराण करीत होती. म्हणजे चोर सोडून पहारेकरी मारण्याचा पराक्रम मी केला होता. आता मी माव्यावर पाण्याची जोराची धार सोडतो. तेवढ्याने न भागल्यास लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारतो.

डाळिंबाचा खरा वैरी मात्र फळ पोखरणारी अळी. तिला आपल्याकडे ‘सुरसा’ म्हणतात. रामायणातली सुरसा मारुतीला गिळायला आ वासून उभी राहिली. ही उलट स्वतःच फळाच्या पोटात शिरते, आणि भोकातून विष्ठा व दुर्गंधी बाहेर येईपर्यंत आपल्याला पत्ता लागत नाही. तोवर औषधाचा उपयोग नाही. किडके फळ तोडून नष्ट करावे. फुलांवर आणि कोवळ्या फळांवर हिची मादी अंडी घालते, म्हणून फळ सुपारीएवढे होताच त्याला जुन्या मलमलीची सैलसर पिशवी बांधणे हाच उत्तम उपाय.

यंदा माझ्या झाडावर अशा अकरा पिशव्या लोंबत आहेत. परवा कुंपणापलीकडून जाणाऱ्या एका वृद्ध बाईंनी थांबून, नवस कोणत्या देवाला बोलला आहात, असे विचारले. मी खरे कारण सांगेपर्यंत त्या हात जोडून पुढे गेल्या होत्या.